कफील खाली, नाशिककर वर

रियाधचा शुक्रवार लवकर उजाडतो आणि काही केल्या संपत नाही. २०१८ च्या आधीचा शुक्रवार तर फारच लांब असे. नाटक नाही, गाण्याचा कार्यक्रम नाही, सिनेमाही नाही. पस्तीसेक वर्षांच्या खंडानंतर चित्रपटगृह उघडलं ते एप्रिल २०१८ मध्ये. हॉटेलाला तेव्हा दारं दोन, एक कुटुंबवाल्यांचं आणि एक सड्यांचं. दुपारच्या जुम्म्याच्या नमाजापर्यंत दुकानं बंद. त्यात २०१३ च्या जूनपर्यंत साप्ताहिक सुट्टी गुरुवार-शुक्रवारची होती, त्यामुळे नाशिकच्या मित्रांशी सुट्टीचा एकही दिवस जुळत नसे. नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसापुढे मग तीनच उद्योग उरत: झोपणं, घरी फोन लावणं आणि कुणाच्या तरी फ्लॅटवर बिर्याणी खाताखाता भारतात कायमचं परत कधी जायचं यावर चर्चा करणं. हे तिन्ही मन लावून करून झाल्यावर एका नाशिककर इंजिनीअरने चौथा उद्योग शोधला. त्याने उडायचं ठरवलं.

ही कल्पना कंपाउंडमधल्या फ्रेंच शेजाऱ्याची. कंपाउंड म्हणजे परदेशी लोकांची भिंतीआडची वसाहत. भिंतीबाहेर तेव्हा बायकांना पायघोळ अबाया, भिंतीआत पोहण्याचा तलाव. शेजाऱ्याने सांगितलं, १९७८ च्या जून महिन्यात फ्रान्समधल्या मियुसी गावी तिघा पॅराशूटवाल्यांनी विमानातून उडी मारण्याऐवजी डोंगरउतारावरून धावत जाऊन उड्डाण केलं, कारण विमानाचं भाडं परवडेना. पॅराग्लायडिंगची सुरुवात ही. पैसे वाचवायला निघालेला खेळ म्हटल्यावर नाशिककराला तो एकदम आपला वाटला. ग्लायडर, हार्नेस, हेल्मेट आणि संकटकाळचं रिझर्व्ह पॅराशूट यांची बेरीज काही लाखांत गेल्यावर ही आपुलकी जरा ओसरली, पण तोवर बुकिंग झालं होतं.

शिकला तो कामशेतला, वार्षिक रजेत. मुंबई-पुणे लोहमार्गावरचं हे गाव ऑक्टोबर ते मे उडणाऱ्यांनी गजबजलेलं असतं. त्याच्या बायकोने ही रजा माहेरसाठी राखून ठेवली होती. "अहो, चाळिशीत माणसं पथ्यं सुरू करतात," एवढंच ती म्हणाली, आणि माहेरी गेली. परत आल्यावर तिने बॅगेचं वजन पाहिलं आणि विचारलं, "लोणची कुठे ठेवायची?"

लोणच्यांना जागा मिळाली नाही. रियाध विमानतळावर कस्टमच्या अधिकाऱ्याने बॅग उघडली तेव्हा आतून पंचवीस चौरस मीटर पिवळंधमक नायलॉन आणि त्याला लटकलेल्या शेकडो मीटर दोऱ्या बाहेर यायला लागल्या, आणि येतच राहिल्या.

"हे काय?"

"बाराशूत," नाशिककराने अरबी लोकांच्या सोयीने पॅचा बा केला.

"विमान पडणार होतं?"

वरिष्ठ आले. त्यांनी कापडात पुस्तक, बाटली, मूर्ती काही गुंडाळलंय का ते पाहिलं, एक कोपरा चिमटीत धरून पोत तपासला आणि कापडावर बंदी नाही असा निर्वाळा दिला. वॉकीटॉकी मात्र ठेवून घेतली. उडत्या माणसापेक्षा बोलता माणूस धोक्याचा, हे सरकारी गणित जगभर सारखंच आहे.

पॅराग्लायडिंगमध्ये उडण्याआधी जमिनीवर उभं राहून वाऱ्यात पंख डोक्यावर तोलून धरायचा सराव करावा लागतो. याला ग्राउंड हँडलिंग म्हणतात आणि ते प्रेक्षकांसमोर करू नये. नाशिककराने ते कंपाउंडच्या फुटबॉल मैदानावर केलं. पंख कधी डावीकडे कोसळे, कधी त्याला फरफटत गोलपोस्टपर्यंत नेई. पहिल्या मजल्यावरचे हैदराबादी गृहस्थ गॅलरीत चहा घेऊन बसत. पाऊण तास पाहिल्यावर त्यांनी कळवळून विचारलं, "मियाँ, इत्ती बड़ी चादर सुखाने को बंदे नको रखते क्या?"

मैदानावरून डोंगराकडे जायची वेळ आली तेव्हा खरी गंमत सुरू झाली. रियाधच्या पश्चिमेला तुवैक नावाचा सुमारे ८०० किलोमीटर लांबीचा कडा उत्तर-दक्षिण पसरला आहे. पश्चिमेकडे एकदम तुटलेला, पूर्वेकडे सावकाश उतरत जाणारं पठार. नाशिककराने पहिल्यांदा काठावर उभं राहून खाली पाहिलं तेव्हा त्याला हा आपला सह्याद्रीच वाटला, फक्त खालचं कोकण कुणीतरी उचलून नेलेलं. सह्याद्री लाव्हाचा, हा जुरासिक काळातल्या समुद्रतळाचा चुनखडक. समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, भर वाळवंटात शिंपल्यांचे आणि पोवळ्यांचे जीवाश्म पायाखाली सापडतात. याच रांगेतलं जबल फिहरैन, म्हणजे शहरापासून नव्वदेक किलोमीटरवरचं 'एज ऑफ द वर्ल्ड', आता फोटोंमुळे प्रसिद्ध आहे. तिथला कडा उभा, जवळजवळ तीनशे मीटर सरळ खाली. धावत जाऊन पंख उचलायचा तर थोडा उतार लागतो, म्हणून ही मंडळी त्याच रांगेतली उतरती जागा धुंडाळत. मंडळी म्हणजे तो फ्रेंच, एक दक्षिण आफ्रिकन, एक लेबनीज आणि टायरमधली हवा वाळूसाठी कमी करायची की नाही यावरचा त्यांचा कायमचा वाद.

पश्चिमेचा वारा कड्यावर आदळला की वर चढतो आणि पंखालाही वर नेतो. पूर्वेचा वारा असेल तर कड्याच्या पुढे हवा गरगरते, आणि तेव्हा शहाण्या माणसाने गाडीतून उतरूही नये. सौदीत कुठलंही काम वशिल्याने होतं असं ऐकत आलेल्या नाशिककराला ही एक जागा अशी भेटली की तिथे कफीलाची, म्हणजे नोकरीवर आणणाऱ्या प्रायोजकाची, ओळखही चालेना. दुपारी वाळू तापली की थर्मल, म्हणजे गरम हवेचे चढते झोत, इतके रांगडे होतात की वावटळी पठारावर मोकाट फिरतात. म्हणून उडायची वेळ ऊन कलल्यावरची. आता योगायोग पाहा: दुपारचा असरचा नमाज झाला की वारा गुळगुळीत होऊ लागतो आणि सूर्यास्ताच्या मगरिबच्या बांगेपर्यंत तसाच राहतो. तेव्हा पेट्रोल पंपदेखील नमाजाच्या वेळी बंद ठेवणाऱ्या देशात वाऱ्यानेही तेच वेळापत्रक पाळावं, याचं लेबनीज गृहस्थांना भारी कौतुक होतं.

पोशाखाचा तर प्रश्नच मिटला. अर्ध्या चड्डीत फिरणाऱ्या परदेशी माणसाला तेव्हा रस्त्यात मुतव्वा, म्हणजे धर्मपोलीस, हटकत असे. (अटक करायचा त्यांचा अधिकार काढून घेतला गेला तो एप्रिल २०१६ मध्ये.) उडणाऱ्याच्या अंगात पायापर्यंत सूट, हातात मोजे, डोक्याला हेल्मेट, तोंडावर धुळीसाठी फडकं. सबंध अरबस्तानात एवढा मर्यादशील पुरुष दुसरा नसेल. आणि आत स्वेटर. कोरडी हवा दर शंभर मीटरला साधारण एक अंशाने थंड होते. जमिनीवर अडतीस अंश असले तरी दीड हजार मीटर वर वारा अंगाला गार लागतो. ऑफिसात मात्र नाशिककर रियाधमध्ये स्वेटर घेऊन फिरतो याची चर्चा वेगळ्याच कारणाने चालू होती.

थर्मल कुठे आहे हे आपल्याकडे वरच्या ढगावरून कळतं. नज्दच्या, म्हणजे रियाधभोवतालच्या मध्य अरबस्तानाच्या, आभाळात बहुधा ढगच नसतो. तेव्हा गिधाडं, गरुड, घारी कुठे घिरट्या घालतात ते पाहायचं. हिवाळ्यात मध्य आशियाकडून स्टेप गरुड इकडे उतरतात. २०१९ साली रियाधच्या वायव्येला उशैकिरच्या कचरा डेपोवर ते हजारोंनी मोजले गेले. गरुडाच्या जोडीने गगनविहार करायचा असेल तर कधीकधी उकिरडाही गाठावा लागतो. प्रवासवर्णनकार हा तपशील सहसा गाळतात.

पहिलं लांब उड्डाण झोकात झालं. उतरणं तेवढं झोकात झालं नाही. नवव्या शतकात कोर्डोव्ह्यातल्या अब्बास इब्न फिरनासने पिसांचे पंख लावून झेप घेतली, आणि शेपूट लावायचं राहिल्यामुळे उतरताना आपटला, असं जुने अरबी लेखक सांगतात. हजारेक वर्षांनी तंत्र खूप सुधारलं. नाशिककर बाभळीवर उतरला. तुवैकच्या पायथ्याच्या दऱ्यांत दुसरं झाडच नाही. पाच हजार फूट आकाश मोकळं होतं, खाली शेकडो एकर माती मोकळी होती, आणि पंख नेमका काट्यांत. देशावरच्या माणसाला बाभूळ परदेशातही ओळख देते.

काटे काढताना एक पिकअप येऊन थांबली. मागे मेंढ्या, पुढे म्हातारा बदू, शेजारी डोळ्यांवर टोपी घातलेला ससाणा. म्हाताऱ्याने आधी गहवा, म्हणजे अरबी कॉफी, ओतला, खजूर पुढे केले, घरच्यांची खुशाली विचारली आणि मगच वर बोट दाखवलं.

"तूच होतास?"

"मीच."

"कुणी पाठवलं?"

"कुणी नाही. हौस."

म्हाताऱ्याने ससाण्याकडे पाहिलं. "आम्ही याला वर पाठवतो आणि सावलीत बसतो. तुमच्याकडे ससाणे नसतात का?"

यावर उत्तर सुचायच्या आत पोलिसांची जीप आली. कुणीतरी पिवळी वस्तू पडताना पाहून कळवलं होतं. पोलिसाने पहिला प्रश्न केला, "इकामा?" परदेशी माणसाने राहण्याच्या परवान्याचं हे कार्ड अंघोळीतसुद्धा जवळ ठेवावं अशी रीत आहे. नाशिककराचा इकामा होता गाडीत, आणि गाडी कड्याच्या वर. कार्डाचा फोटो फोनमध्ये सापडला. पोलिसाने त्यावरचा व्यवसाय वाचला: सिव्हिल इंजिनीअर. "म्हणजे काम जमिनीवरचं," तो म्हणाला. "मग वर काय करत होतास?" म्हाताऱ्याने मध्ये पडून हा आपला पाहुणा असल्याचं जाहीर केलं, तेव्हा पोलिसानेही गहवा घेतला आणि मग पंखाच्या शेजारी उभं राहून फोटो.

आता गाडीचं. वर गाडी, गाडीत किल्ली, किल्लीजवळ त्या दिवशी बरोबर आलेली बायको. नाशिकच्या शालिमार चौकातून रोज मारुती काढणारी बाई. पण सौदी अरेबियात बाईला गाडी चालवायची परवानगी नव्हती. खाली यायला सरळ वाट नाही, मोठा वळसा. बाकीचे उडणारे अजून हवेत. फोनला मधूनच रेंज येई. "अहो, मी येऊ का?" "अगं, बंदी आहे!" "इथे बघायला कोण आहे? दोन उंट."

याच देशाच्या हनादी अल-हिंदी या तरुणीने अम्मानमध्ये शिकून २००५ साली वैमानिकाची परीक्षा पास केली आणि राजघराण्यातल्या एका उद्योगपतीच्या कंपनीत तिला वैमानिक म्हणून करारही मिळाला. म्हणजे जेट विमान चालवायला ती पात्र, पण विमानतळापर्यंत स्वतः मोटार चालवत जायला नाही. आभाळाबद्दल या राज्याचं मन नेहमीच जमिनीपेक्षा मोठं राहिलं आहे. १९८५ च्या जूनमध्ये, रमजानच्या अखेरच्या दिवसांत, राजपुत्र सुलतान बिन सलमान अमेरिकेच्या 'डिस्कव्हरी' यानातून अंतराळात गेले. पहिले अरब अंतराळवीर ते. पुढे सौदी एव्हिएशन क्लबची सूत्रंही त्यांच्याकडेच आली.

कच्च्या वाटेवरून बायको गाडी घेऊन आली. डांबरी रस्ता दिसताच उतरून मागच्या सीटवर बसली, आणि घरी पोचेपर्यंत नाशिककराच्या गिअर बदलण्यातल्या चुका सांगत राहिली. २४ जून २०१८ ला बंदी उठली. तेव्हापासून ती पुढेच बसते.

बाकीही पुष्कळ बदललं. सप्टेंबर २०१९ पासून पर्यटक व्हिसा मिळतो, आणि दक्षिणेत अबहाजवळ अल-सौदाच्या तीन हजार मीटर उंचीच्या, चक्क हिरव्या आणि ढगाळ डोंगरांकडे आता पर्यटकांची रांग लागते. परवानगीचं प्रकरण तेवढं कुठे हलकं झालेलं नाही. शेजारच्या अमिरातीत जानेवारी २०२२ मध्ये ड्रोन हल्ल्यानंतर हौशी ड्रोनबरोबर हलक्या क्रीडाविमानांची उड्डाणंही सरकारने एका फटक्यात थांबवली होती.

तेव्हा तिकडे नोकरीला असाल आणि शुक्रवार खायला उठत असेल, तर आधी कामशेतला नीट शिका. उडायला नोव्हेंबर ते मार्च हा काळ धरा. नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाची परवानगी घ्या आणि तिची अरबी प्रत छापून जवळ ठेवा. इकामा सूटच्या आतल्या खिशात. वॉकीटॉकी भारतातून नेऊ नका. त्या जागेत लोणची नेता येतात.