पडद्याची पाठ

दुकानात मॉनिटर घ्यायला गेलेला माणूस त्याचं तोंड पाहतो. रंग किती झगझगीत, कडा किती बारीक, हिरवळ किती हिरवी. पाठ फिरवून बघणारा गिऱ्हाईक क्वचितच सापडतो. मला मात्र पडद्याच्या पाठीचं फार कौतुक वाटतं. कंपन्यांची सगळी भांडणं पुढच्या बाजूला चालतात, आणि त्यांनी मुकाट्याने केलेले समझोते मागच्या बाजूला असतात.

पुढच्या बाजूची भांडणं नावांवरूनच कळतात. आयबीएमने १९८७ साली आपल्या पीएस/२ संगणकांबरोबर व्हीजीए आणलं. ६४० गुणिले ४८० ठिपके आणि एका वेळी सोळा रंग. ठिपके कमी केले तर २५६ रंग. तेव्हा ही चैन होती. मग आठशे गुणिले सहाशेचं सुपर व्हीजीए आलं. त्यानंतर एक्सजीए म्हणजे एक्स्टेंडेड, त्यानंतर अल्ट्रा, त्यानंतर क्वाड. फ्लेक्सवरच्या नेत्याच्या नावामागे कार्यसम्राट, लोकनेते, भाग्यविधाते अशा पदव्या चढत जाव्यात, तशी ही नावं वाढत गेली. शेवटी ३८४० गुणिले २४०० ठिपक्यांच्या पडद्याचं नाव झालं 'वाइड क्वाड अल्ट्रा एक्स्टेंडेड ग्राफिक्स ॲरे'. एवढं नाव घेईपर्यंत पडदा झोपी जायचा.

मग जाहिरातवाले आले आणि त्यांनी सरळ 'फोर के' म्हटलं. त्यातही गंमत आहे. १०८० म्हणायचे तेव्हा पडद्याची उंची मोजत होते. चार हजार म्हणायची वेळ आली तेव्हा रुंदी मोजायला लागले. बरं, रुंदी तरी चार हजार आहे का? टीव्हीवर ती ३८४० भरते. उरलेले एकशे साठ ठिपके कुठे गेले, हे कोणी विचारत नाही. मापात एवढी सूट आपला भाजीवालासुद्धा घेत नाही.

या पदव्यांच्या आधीचा काळ जास्त प्रामाणिक होता. १९८१ च्या सीजीए कार्डाच्या ग्राफिक्समध्ये एका वेळी चारच रंग असत. सगळ्यांत जास्त दिसणारे म्हणजे काळा, पांढरा, आकाशी आणि एक जांभळट गुलाबी. डोंगर असो, माकड असो की अवकाशयान, सगळं याच रंगांत. १९८२ साली व्हॅन सुवन्नुकुल यांना आपला पीएचडीचा प्रबंध पीसीवर थाई लिपीत लिहायचा होता. आयबीएमच्या एका कार्डात अक्षरं ठरलेलीच होती आणि दुसऱ्याचे ठिपके थाई अक्षरांना पुरत नव्हते. तेव्हा त्यांनी स्वतःच ७२० गुणिले ३४८ ठिपक्यांचं कार्ड बनवलं आणि हर्क्युलिस नावाची कंपनी काढली. प्रबंध लांबवण्याची कारणं पीएचडी करणाऱ्यांकडे पुष्कळ असतात. त्यापायी ग्राफिक्स कार्डाची कंपनी काढण्याचा पराक्रम मात्र विरळाच. पुढे इतरांनी हे कार्ड इतकं उचललं की कोणत्याही समितीची बैठक न भरता ते प्रमाण होऊन बसलं.

ही अडचण आपलीही होतीच. वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं इंग्रजी अक्षरांसाठी आखलेल्या चौकटीत कशी बसणार? आयआयटी कानपूरमध्ये सुरू झालेलं जिस्ट तंत्रज्ञान पुण्याच्या सी-डॅकमध्ये आलं. जिस्ट कार्ड पीसीत खोचलं की डॉसच्या पडद्यावर देवनागरी उमटायची. आपली लिपी पडद्यावर यावी म्हणून आधी खोका उघडावा लागे, हे आज मोबाइलवर अंगठ्याने मराठी लिहिणाऱ्याला सांगितलं तर तो खोका कुठला म्हणून विचारेल.

तर पाठीकडे वळू. व्हीजीएनंतर प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने ठिपके वाढवू लागली आणि एकाचं सॉफ्टवेअर दुसऱ्याच्या कार्डावर चालेना. तेव्हा १९८९ मध्ये एनईसीच्या पुढाकाराने काही स्पर्धकांनी मिळून व्हेसा ही संघटना काढली. एकमेकांचं गिऱ्हाईक पळवणारी माणसं एका टेबलाशी बसली, आणि त्यातून काय निघालं? इतर गोष्टींबरोबर पडद्यामागची चार भोकं. शंभर मिलिमीटरच्या चौरसाच्या चार कोपऱ्यांत. मॉनिटर कोणत्याही कंपनीचा घ्या, भिंतीवरचा हात कोणत्याही दुकानातून आणा, स्क्रू बसतो. ही चार भोकं दाखवून कोणी मॉनिटर विकला असेल असं वाटत नाही. पण ड्रिल मशीन घेऊन स्टुलावर उभा असलेला माणूस दुसऱ्या कशालाच दुवा देत नाही.

त्याच संघटनेने १९९४ मध्ये पडद्याला ओळखपत्र दिलं. तार जोडली की मॉनिटर १२८ बाइटांत आपली कुंडली सांगतो: कंपनी कोणती, आकार केवढा, किती ठिपके झेपतात आणि जन्म कधीचा. जन्मसालासाठी एकच बाइट आहे, म्हणून त्यात १९९० पासून पुढे मोजतात. म्हणजे पडद्यांचा स्वतःचा शक आहे आणि तो २२४५ साली संपतो. तोपर्यंत पंचांग बदलायची घाई नाही.

हे ओळखपत्र पोचलं नाही तर काय होतं, ते सभागृहांत दिसतं. प्रमुख पाहुणे उभे, पडदा निळा, आणि टेबलाखालून एक जण म्हणतोय, "सर, एकदा काढून परत लावतो." व्हीजीएच्या निळ्या प्लगला दोन बाजूंना दोन स्क्रू असतात. ते पिळायचा कंटाळा सगळ्यांनाच असतो, म्हणून पाहुण्यांचा पाय लागला की आलेख गुलाबी होतो. मग कोणीतरी प्लग डोळ्यांजवळ धरून जाहीर करतो की पिन तुटली आहे. खरं तर कित्येक तारांत नववी पिन मुळातच नसते. सुरुवातीच्या आखणीत ती जागा मोकळी ठेवली होती. पंधरा पिनांच्या जागेत चौदाच पिना ठेवून तीस वर्षं संसार करणं सोपं नव्हे.

आणि केला खरा. सुपर आणि अल्ट्रा आता कोणाच्या तोंडी नाहीत, पण निळी तार उरली. जुन्या विंडोजमध्ये सगळं बिघडलं की संगणक सेफ मोडमध्ये जायचा आणि तेच मूळचं ६४० गुणिले ४८० पुढे यायचं. डिसेंबर २०१० मध्ये इंटेल, एएमडी, डेल, लेनोवो, सॅमसंग आणि एलजी यांनी मिळून जाहीर केलं की २०१५ पर्यंत व्हीजीए बंद. छताला टांगलेल्या प्रोजेक्टरांपर्यंत ही बातमी अजून पोचायची आहे. एरवी कशावरही न जुळणाऱ्या कंपन्यांचं त्या दिवशी एकमत झालं; फक्त ज्याला निरोप द्यायचा होता, त्याला विचारायचं राहून गेलं.