बॉनेटपंडित

जुन्या मोटारीचे बॉनेट उघडले की भोवती माणसे जमतात, हा अनुभव सार्वत्रिक असला तरी त्या घोळक्यातील एक प्रकार पुण्याच्या जुन्या सोसायट्यांमध्ये इतक्या शुद्ध स्वरूपात आढळतो की त्याचा स्वतंत्र विचार करणे भाग पडते. सोयीसाठी त्याला बॉनेटपंडित म्हणता येईल. हा गृहस्थ साठी ओलांडलेला, निवृत्त आणि हात पाठीमागे बांधून उभा राहणारा असतो. इंजिनाला तो सहसा बोट लावत नाही, आणि नखांच्या या निर्मळपणावरूनच तो मिस्त्रीपासून वेगळा ओळखू येतो. त्याची स्वतःची गाडी नवी असते. तिचे इंजिन प्लॅस्टिकच्या झाकणाखाली दडलेले असते आणि ते बिघडल्यास सर्व्हिस सेंटरमधला विशीतला मुलगा स्कॅनर जोडून पडद्यावर उमटलेला सांकेतिक क्रमांक वाचून दाखवतो, त्यामुळे तेथे मत मांडायला जागाच उरत नाही. पंडिताची विद्या अशा रीतीने शेजाऱ्याच्या गाडीवर अवलंबून राहते, आणि तो शेजारी जर पद्मिनीचा मालक निघाला तर पंडिताचे रविवार वर्षभर सुखात जातात.

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने १९६४ पासून फियाट ११०० डी म्हणून आणि पुढे सत्तरच्या दशकात पद्मिनी या नावाने बनवलेली ही गाडी मुंबईच्या टॅक्सीसेवेतून ३० ऑक्टोबर २०२३ रोजी बाद झाली, कारण शेवटची पद्मिनी टॅक्सी २० वर्षांपूर्वी, २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली होती आणि तेवढीच टॅक्सीची वयोमर्यादा होती. खासगी मालकांकडच्या काही गाड्या मात्र रिपासिंग करून करून तग धरून आहेत. १०८९ सीसीचे, चार सिलिंडरांचे आणि कार्ब्युरेटरवर चालणारे तिचे इंजिन एकंदरीत सोशिक असले, तरी उतारवयात त्याची आयडलिंग बिघडते. ॲक्सिलरेटरवरून पाय काढल्यावर इंजिनाने मंद पण एकसारख्या गतीने चालत राहणे म्हणजे आयडलिंग होय. ती बिघडली की सिग्नलपाशी उभी असलेली गाडी थडथडते, आरशातली मागची रिक्षा दुहेरी दिसू लागते, आणि दिवा हिरवा होण्याच्या नेमक्या क्षणी इंजिन बंद पडते.

या आजाराची कारणे अनेक असली (प्लग काजळलेले असू शकतात, पॉइंटमधले अंतर बिघडलेले असू शकते, टॅपेट घट्ट बसलेले असू शकतात), तरी जुन्या गाडीत पुष्कळदा मूळ कारण अगदीच क्षुद्र असते. आयडलिंगच्या वेळी कार्ब्युरेटरातली थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटलेली असते आणि पिस्टन मात्र हवा ओढतच असतात, त्यामुळे झडपेच्या आणि सिलिंडरांच्या मधल्या मॅनिफोल्ड नावाच्या पोकळीत हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा बराच खाली जातो. या कमी दाबालाच व्हॅक्यूम म्हणतात. पेट्रोल व हवा यांचे वजनी प्रमाण साधारण १ ला १४.७ या आसपास राहावे अशा बेताने कार्ब्युरेटर पेट्रोल सोडतो, परंतु मॅनिफोल्डचे पॅकिंग कुजले, होजपाइपला चीर गेली किंवा थ्रॉटलची दांडी घासून ढिली झाली, की तेथून हवा परस्पर आत शिरते आणि कार्ब्युरेटरला तिचा पत्ताही लागत नाही. फुटक्या नळीने उसाचा रस ओढणाऱ्याच्या तोंडात जसा निम्मा रस आणि निम्मी हवा येते, तशीच सिलिंडराची गत होते; मिश्रण विरळ होऊन एखादा ठोका चुकतो आणि सबंध गाडी हादरते. मिस्त्री याला ‘गाडी हवा घेतेय’ एवढेच म्हणतो.

नेमके हेच निदान पंडिताला मान्य होत नाही. मान तिरकी करून, डोळे मिटून तो इंजिनाचा आवाज ऐकतो, आणि पुरेसे मौन पाळून झाल्यावर “व्हॉल्व्ह गेलेत” किंवा “रिंगा संपल्या” असा निकाल देतो. हेड उतरवल्याशिवाय ज्याची पूर्ण शहानिशा होऊ शकत नाही असा आजार त्याला विशेष प्रिय असतो. येथे मालकाची मानसिकताही विचारात घ्यावी लागते. वडिलांच्या काळापासून सांभाळलेल्या गाडीला मोठे दुखणे झाले आहे असे ऐकण्यात एक प्रतिष्ठा असते, उलट बोटभर रबरी नळीपायी ती बंद पडते असे सोसायटीत कळणे त्यालाही कमीपणाचे वाटते, आणि म्हणून निदान जितके खर्चिक तितका पंडिताचा चहा लवकर येतो.

त्याच्या तपासणीत एक कायमचा विधी आहे. “रेस द्या, साहेब,” असे तो मालकाला सांगतो, मालक ॲक्सिलरेटर दाबतो, आणि थडथड नाहीशी होते. यात चमत्कार काही नसतो. थ्रॉटल उघडल्यावर कार्ब्युरेटरातून येणारी हवा इतकी वाढते आणि व्हॅक्यूम इतका उतरतो की चिरेतून शिरणारी हवा त्यापुढे नगण्य ठरते, आणि म्हणूनच रेस दिल्यावर थांबणारी थडथड हा गळतीचा चांगला पुरावा मानला जातो. पंडित हा पुरावा स्वतः मागवतो, स्वतःच्या कानांनी ऐकतो, आणि “गरम झाली की बरी होते” असे म्हणून निकालात काढतो.

यांतला जो अधिक शास्त्रशुद्ध असतो तो व्हॅक्यूम गेज घेऊन येतो. समुद्रसपाटीवर निरोगी इंजिनाचा काटा आयडलिंगला पाऱ्याच्या १७ ते २१ इंचांवर स्थिर राहतो, असे त्याच्या पुस्तकात छापलेले असते आणि ते खरेही असते. मात्र उंचीच्या दर हजार फुटांमागे हे वाचन सुमारे एक इंचाने घटते आणि पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे साडेअठराशे फूट उंच आहे, हे तो ध्यानात घेत नाही. परिणामी दादरला धडधाकट ठरणारी गाडी कोथरूडला येताच आजारी ठरते. (पुण्याच्या उंचीचा पुणेकराला विसर पडावा, असा हा बहुधा एकमेव प्रसंग.)

उदबत्तीवाला हा याच प्रकाराचा पोटभेद होय. धूर चिरेकडे ओढला जाईल हा त्याचा तर्क कागदावर बिनचूक आहे, पण इंजिनाच्या पंख्यापुढे उदबत्तीचा धूर टिकत नाही, आणि पेट्रोलची वाफ असलेल्या जागी निखारा नेणे ही निदानापेक्षा उत्तरक्रियेची तयारी ठरते. कार्ब्युरेटर क्लीनरचा फवारा सांध्यांवर मारून आवाज बदलतो का हे पाहण्याची पद्धत गॅरेजमध्ये रूढ आहे, परंतु तो द्रवही ज्वालाग्राही असल्याने तापलेल्या एक्झॉस्टजवळ तिच्यातही धोका आहे; घरच्या घरी करायचे तर साध्या पाण्याचा बारीक फवारा पुरतो, फक्त तो डिस्ट्रिब्यूटर व प्लगच्या वायरींपासून दूर ठेवावा लागतो.

पंडिताचा हात पाठीमागून पुढे येतो तो एकदाच, आयडलिंगचा स्क्रू पिळण्यासाठी. गती वाढते, थडथड दबते, टाळ्या पडत नाहीत एवढेच. चीर मात्र जागेवर असते, पेट्रोल अधिक जळू लागते, आणि पुढे कधी मिस्त्रीने पंधरा मिनिटांत पॅकिंगचा दोष दाखवला तर “मी म्हटलंच होतं, हवेचा काहीतरी प्रकार आहे” हे वाक्य पंडिताजवळ तयार असते.

ज्या वाचकांकडे अशी गाडी आहे त्यांनी हेड उतरवण्याचा विचार करण्यापूर्वी इंजिन चालू ठेवून व्हॅक्यूमचा एकेक होज चिमटीत दाबून पाहावा, ब्रेकला बूस्टर असल्यास पेडल दाबून ठेवल्यावर आवाज बदलतो का ते ऐकावे, कार्ब्युरेटरचे नट ढिले नाहीत ना हे तपासावे, आणि हे सर्व रविवारी सकाळी नवाच्या आत उरकून बॉनेट बंद करावे, कारण पोहे खाऊन पंडित साधारण त्याच सुमारास खाली उतरतो.