आधी पान बघा!

पावसाळा सरत आला की पुण्याभोवतीच्या टेकड्या पिवळ्याजर्द होतात. लगेच गाड्या निघतात, सेल्फी पडतात, खाली ओळ येते : 'घरामागचं कास पठार!'

मंडळी, तो कॉसमॉस आहे. मूळ गाव मेक्सिको.

आपली सोनकीही पिवळीच. पण ती गुडघ्याएवढी, पान अखंड, कडा दातेरी. कॉसमॉस कमरेपर्यंत चढतो, पान खोल कातरलेलं, रंग नारिंगीकडे झुकलेला. शिवाय तो माजला की शेजाऱ्याला जागा ठेवत नाही. हे ओळखायला वनस्पतिशास्त्राची पदवी लागत नाही, जरा वाकावं लागतं. पण पानाला लाइक कोण देणार?

घाणेरीही शोभेसाठीच आली. १८०९च्या सुमारास, कोलकात्याच्या बागेत. आता सह्याद्रीतल्या वाटा अडवून बसली आहे. पाला पोटात गेला तर गुरांचं यकृत बिघडतं, उन्हात कातडी सोलवटते. म्हणून गुरं सहसा तोंड लावत नाहीत. आपण मात्र पोरांना दाखवतो, 'बघ, किती गोड फुलं!'

गाजर गवताला कुणी गोड म्हणत नाही. रूप नाही ना! १९५०च्या दशकात ते अमेरिकी गव्हाबरोबर आलं असं मानतात, आणि प्रथम नजरेत भरलं ते पुण्यात. (हा मानही पुण्याचाच.) एका झाडाला हजारो बिया. अंगाला खाज, दम्याला आमंत्रण, गाईने खाल्लं तर दूध कडू. शाळकरी पोरांनाही हे पाठ आहे.

मग उपटत का नाही?

उपटतो की! दरवर्षी १६ ते २२ ऑगस्ट जागरूकता सप्ताह असतो. गवत उगवतं जूनच्या पावसात आणि महिना-दीड महिन्यात फुलतं. म्हणजे प्रमुख पाहुणे येईपर्यंत पांढरी फुलं स्वागताला हजर. मग उघड्या हातांनी चार रोपं उपटायची, फोटो काढायचा आणि ढीग रस्त्याकडेला टाकून निघायचं.

बी तिथेच.

१९८०च्या दशकात या गवतावर सोडायला मेक्सिकोहूनच एक भुंगा आणला. पावसाळ्यात तो गुपचूप पानं फस्त करतो. त्याला सप्ताह लागत नाही, बॅनरही नाही.

आपल्याला तेवढं जमणार नसेल, तर निदान गाजर गवत फुलण्याआधी, माती ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा. आणि टेकडीवरून उतरताना कॉसमॉसच्या बिया खिशात घालून फार्महाउसवर पेरू नका.