नामाचं क्रियाकर्म

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेल्या आठवड्यात रण माजलं. पाण्याची टाकी धुणाऱ्याचा नंबर कुणीतरी मागितला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या कॉलेजकन्येने लिहिलं, 'काका, गूगलून बघा ना.'

दुसऱ्या मजल्यावरचे गुरुजी संतापले. सगळी हयात मराठी शिकवण्यात गेलेला माणूस. गूगल हे विशेषनाम, त्याला 'णे' चिकटवून क्रियापद? ते मुलीवर रागावले, असल्या भाषेला त्यांनी धिक्कारलं आणि हा शब्द यापुढे ग्रुपवर चालणार नाही, असं फर्मावलं.

मी भीत भीत म्हटलं, 'गुरुजी, संताप हे नाम, राग हे नाम, धिक्कारही नामच. फर्मावण्याचं मूळ तर चक्क फारसीत.' गुरुजी गोंधळले. (गोंधळ हेही नामच. पण तेवढं मी गिळलं.)

व्याकरणात याला नामधातू म्हणतात. पाणिनीच्या नियमाने 'पुत्र'चं 'पुत्रीयति' होतं, म्हणजे स्वतःला मुलगा व्हावा अशी इच्छा धरतो. वंशाच्या दिव्याची सगळी हौस एका शब्दात. मराठीने तर अंगाचे अवयवही सोडले नाहीत. हात हाताळायला, लाथ लाथाडायला आणि डोकं दुसऱ्याच्या घरात डोकावायला. परक्यांनाही तोच न्याय. शिवकाळात रघुनाथपंतांनी राज्यव्यवहारकोश रचून दरबारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. पण खर्च आणि बदल हे पाहुणे आजही घरात ठाण मांडून आहेत. आपण पगार खर्चतो, सरकारं बदलतो, आणि हे परके शब्द आहेत असं म्हटलं तर लोक आपल्यालाच परके ठरवतील. गूगलचं म्हणाल, तर 2006 सालीच ऑक्सफर्डच्या इंग्रजी कोशाने त्याला क्रियापद म्हणून आत घेतलं. तिकडे कंपनीच धास्तावली, की आमचं नाव जरा जपून वापरा. आमच्या गुरुजींना ही कंपनीची बाजू सांगितली असती, तर त्यांनी तिला मराठीची कैवारी म्हणून हार घातला असता.

एवढं सगळं ऐकूनही गुरुजी बधले नाहीत. त्याच वेळी त्यांच्या घरात टीव्ही चालू होता. पाककृतीवाल्या बाई सांगत होत्या, 'कांदा फाइन चॉप करून घ्यायचा, मीठ ॲड करायचं आणि छान मिक्स करायचं.' गुरुजींच्या कपाळावर एक आठी नाही. चिरणे, घालणे, कालवणे ही तीन धडधाकट क्रियापदं डोळ्यांदेखत घराबाहेर काढली गेली, पण नामाला कुणी हात लावला नव्हता ना! आता सगळ्या घरात एकटं 'करणे' राबतं. धुणीभांडी तेच, स्वयंपाक तेच, सर्चही तेच करतं.

सरकारी मराठीवर तर गुरुजींचा जीव. जिन्याच्या फलकावर त्यांनीच जपून लावलेली नोटीस आहे: 'गुरुवारी पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असल्याचे सूचित करण्यात येत आहे.' यात पाणी कोण बंद ठेवणार, कोण सूचित करतंय, कुणाला फोन करायचा, काही म्हणजे काही नाही. क्रियापदं रांगेने उभी आणि कर्ता फरार. पण एकही नामधातू नाही, त्यामुळे भाषा शुद्ध.

संध्याकाळी गुरुजींनी पर्याय जाहीर केला. यापुढे 'गूगलणे' नव्हे, 'आंतरजालावर शोधकार्य हाती घेणे' म्हणावं. तेव्हापासून तिन्ही मजल्यांनी शोधकार्य हाती घेतलेलं आहे. टाकी अजून धुवायची आहे.

कॉलेजकन्येने ग्रुपवर एकाच शब्दात उत्तर दिलं, 'नोंदवलं.'

त्यावर गुरुजींचा समाधानी अंगठा उमटला.