उंबऱ्याआतलं हिरवं

ठाण्या-डोंबिवलीतलं सुशिक्षित कुटुंब पर्यावरणपूरक व्हायचं ठरवतं, तेव्हा ते आधी खरेदीला लागतं. बांबूचे टूथब्रश, शहाळ्यासाठी स्टीलच्या नळ्या, नारळाच्या काथ्याच्या घासण्या आणि वसुंधरेविषयी काहीतरी छापलेली आणखी एक कापडी पिशवी. हे सगळं पुठ्ठ्याच्या खोक्यात, हवा भरलेल्या प्लास्टिकच्या उशांवर रेलून, घरपोच येतं. सामान उंबऱ्याच्या आत येतं, खोकं आणि उशा उंबऱ्याबाहेर जातात आणि कुटुंब हरित होतं. माझं म्हणणं असं की, या शहरांत हरित संसाराचा खरा हिशेब त्या बाहेर गेलेल्या खोक्यापासून सुरू होतो, आणि तो आपण आपखुशीनं कधीच मांडलेला नाही. कचरा उलट फिरून आपल्याच दारात बसला, तेव्हाच मांडला.

पुरावा कल्याणातच आहे. आधारवाडीच्या कचऱ्याच्या डोंगराला वर्षानुवर्षं आगी लागत होत्या, धूर घराघरांत शिरत होता, तेव्हा लोक खिडक्या लावून घेत होते. मग 2015 साली मुंबई उच्च न्यायालयानं घनकचऱ्याची धड व्यवस्था नाही म्हणून कल्याण-डोंबिवलीत नव्या बांधकामांना परवानगी देण्यावर बंदी घातली, आणि भेंडीची देठं, केळीची सालं हे एका दिवसात गंभीर विषय झाले. धुरानं घसा बसला तर आपण खडीसाखर चघळतो, पण बांधकामाचा धंदा बसला की थेट पर्यावरण आठवतं. बंदी 2016 मध्ये उठली आणि विषयही उठून गेला. पुढे मे 2020 मध्ये, ऐन टाळेबंदीत, पालिकेचे तेव्हाचे उपायुक्त रामदास कोकरे यांनी शून्य कचरा मोहीम सुरू केली. वेंगुर्ल्यात कचरा डेपो लोकांनी पाहायला यावं असा करून दाखवलेला हा अधिकारी. त्यांची युक्ती साधी होती: ओला-सुका वेगळा केलेला नसेल तर कचरा उचलायचाच नाही. भिंतीवरच्या घोषणांनी जे झालं नव्हतं, ते दारातल्या भरलेल्या बादलीनं केलं, कारण ती दुसऱ्या दिवशी वास मारते. वर्षभरात, मे 2021 मध्ये, आधारवाडीत कचरा टाकणं थांबलं.

ठाणेकरांनी यावर हसू नये. त्यांचा कचरा वर्षानुवर्षं दिव्याला जात होता. दिवा ठाणे महापालिकेतच आहे, पण घोडबंदर रोडच्या सव्विसाव्या मजल्यावरून तो दिसत नाही. तिथून येऊरचं जंगल दिसतं, खाडी दिसते, आणि या दोन्हींचे पैसे जाहिरातीतच धरलेले असतात. 2016 च्या घनकचरा नियमांनुसार पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायचा होता. जलतरण तलावाला, क्लबहाउसला, कुत्र्यांच्या फिरण्याच्या जागेला जिथे जागा निघते, तिथे खताच्या खड्ड्याचा विषय आला की सभासदांना एकदम वास येऊ लागतो. पक्षी बघायला जंगल हवं, पण जंगलात पाला कुजतो हे कुणी सांगू नये.

आक्षेप येतात आणि ते पोकळ नाहीत. पहिला असा की, आम्ही वेगळा करतो, पण गाडीत सगळं एकत्रच होतं. होतं खरं, आणि त्याचा जाब पालिकेला विचारलाच पाहिजे. पण आवारात जिरलेली सालं गाडीत चढतच नाहीत, मग मिसळणार काय? दुसरा आक्षेप डोंबिवलीचा खास. जिथे 2014 मध्ये प्रदूषणानं हिरवा पाऊस पडला आणि 2020 मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झालेला बघायला मुख्यमंत्र्यांना यावं लागलं, तिथे माझ्या दुधाच्या पिशवीनं काय बिघडतं? (हिरवळीचं वचन इतकं शब्दशः पाळणारं दुसरं शहर नसेल.) कारखान्यांचं पाप कारखान्यांच्याच पदरात घालावं, पिशवी धुतल्यानं ते फिटत नाही. पण आधारवाडीचा डोंगर काही रसायनांनी रचलेला नव्हता. शिवाय रात्री नाल्यात रसायनांचं पाणी सोडणाऱ्या कारखान्याचं तत्त्वज्ञान तरी काय असतं? फाटकाबाहेर गेलं की आपलं नाही. आपण फाटकाच्या जागी उंबरा म्हणतो.

तिसरा आक्षेप वेळेचा: दोघंही सकाळची लोकल पकडतात, कचरा निवडायचा कुणी? हा आक्षेप मला मान्य आहे, कारण लोकलनं जाणारं कुटुंब मुळात मोटारीतून मीटिंगला जाणाऱ्या पर्यावरण सल्लागारापेक्षा कितीतरी हरित असतं. डोंबिवलीकराचा कार्बन फूटप्रिंट मोजायला जाल, तर त्याला फूटबोर्डवर पाऊल टेकायलाच जागा नसते. पण प्रश्नातला 'कुणी' महत्त्वाचा आहे. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण न कापता लोंबता ठेवायचा, म्हणजे तो तिकोनी तुकडा मोरीत वाहून जात नाही; मग पिशवी विसळायची, ओट्यामागच्या टाइलवर चिकटवून वाळवायची, आणि ढीग झाला की भंगारवाल्याला द्यायची. 2018 च्या प्लास्टिकबंदीत या पिशवीमागे 50 पैसे परत मिळण्याची तरतूद होती. ते पैसे घेऊन आलेलं माणूस शोधून दाखवा. हे सगळं करते घरातली बाई, नाहीतर कामाला येणाऱ्या मावशी. बांबूचा ब्रश मागवतो तो, आणि त्याचा फोटो टाकतोही तोच. कुटुंब हरित झालं म्हणतात, तेव्हा बहुतेक वेळा एका व्यक्तीचं काम वाढलेलं असतं.

म्हणून माझी सूचना: जी बादली उचलली जात नाही, ती फ्लॅटच्या क्रमांकासह लिफ्टच्या शेजारी ठेवावी, आणि रविवारी ती निवडायला घरातल्या कमावत्या पुरुषानं यावं. अब्रूचा प्रश्न आहे, असं कुणी म्हणेल. देखभालखर्च थकवणाऱ्यांची नावं आपण सूचनाफलकावर लावतोच की. अडचण एकच दिसते. क्रमांक प्लास्टिकच्या स्टिकरवर असावा की बांबूच्या पाटीवर, यावर वार्षिक सभेत दोन तास जातील, आणि तोवर चहा येईल, आतून प्लास्टिकचा थर दिलेल्या कागदी कपांतून.