चकचकीत नको, हिरवा हवा

मॅट हिरवा मागणाऱ्या माणसाला आपण नेमकं काय मागतोय, याची सुतराम कल्पना नसते. शेजारच्या काकू म्हणाल्या, "जुन्या वाड्याच्या भिंतीवर श्रावणात शेवाळ चढतं बघ, तो रंग. पण ओलं दिसायला नको हं! चकचकीत तर मुळीच नको. एक बरणी कर, जमलं तर गणपतीच्या आत." कुठल्या गणपतीच्या, ते मी मुद्दामच विचारलं नाही.

आमची भांडी भाजायची भट्टी गॅसची. ती 1280 अंशांच्या पुढे जाते. एवढ्या तापात बहुतेक रंग राम म्हणतात. हिरव्यासाठी उरतात मोजकी मंडळी, आणि त्यातलं एकही सरळ स्वभावाचं नाही. कॉपर कार्बोनेट पुडीतच इतका सुरेख हिरवा असतो की वाटतं, झालंच काम. पण हे तांबं म्हणजे जावई. भट्टीत हवा मोकळी मिळाली तर हिरवं, धूर कोंडला की रागाने लालबुंद, आणि 1200 अंशांपुढे बसल्या जागेवरून वाफ होऊन उठून जाणार. जाताना शेजारच्या पांढऱ्या मगावर डाग ठेवून जाणार ते वेगळंच.

क्रोम बिचारं कुठे उडून जात नाही, असं वाटतं. दोन टक्के घातलं की शाळेच्या फळ्याचा हिरवा हमखास. त्यावर खडूने पाढे लिहावेत, इतका हमखास. झिलईत, म्हणजे भांड्यावरच्या काचेसारख्या थरात, जस्त असेल तर मात्र तो तपकिरी होतो. आणि कथिलाची पांढरी झिलई लावलेलं भांडं जवळ असेल, तर क्रोम तेही न विचारता गुलाबी करून ठेवतं. कोबाल्टात रुटाइल मिसळूनही हिरवा निघतो, पण चिमूट जरा मोठी पडली की निळा.

राहिलं लोखंड. पुडीत तांबडं, गंजाच्या रंगाचं. पण एक-दोन टक्के घालून भट्टीत धूर कोंडला की त्यातून जेड दगडासारखा शांत हिरवा उतरतो. चीनच्या चच्यांग प्रांतातल्या लोंगछुआनच्या कुंभारांनी सोंग राजवटीत हेच करून जगाला वेड लावलं. त्यांची ही कला युनेस्कोने 2009 साली वारसा म्हणून नोंदवली. आमची भट्टी पेटली की सोसायटीच्या वहीत नोंद होते ती धुराची.

हे झालं रंगाचं. मॅटपणाची वेगळीच तऱ्हा. झिलई नीट वितळलीच नाही तरी ती मॅट दिसते, आणि तशी कच्ची भांडी 'रस्टिक' म्हणून चढ्या भावाने विकणारे महाभाग आहेत. खरी मॅट झिलई पूर्ण वितळते आणि निवताना तिच्यात बारीक स्फटिक धरतात. त्यासाठी सिलिकाच्या मानाने ॲल्युमिना वाढवायचा, म्हणजे क्वार्ट्झ कमी आणि चायना क्ले जास्त. स्टल नावाच्या अमेरिकन संशोधकाने 1912 साली याचा नकाशाच काढला: या बाजूला चकाकी, त्या बाजूला मॅट. शंखजिरे किंवा डोलोमाइट घातलं तर लोण्यासारखा स्पर्श येतो. हे सगळं जमवूनही भट्टी 1100 ते 950 अंशांच्या मधे घाईने निवली, तर स्फटिक धरायला उसंत मिळत नाही आणि दार उघडल्यावर आरसा दिसतो. कृती तीच, वजनं तीच, फक्त त्या दिवशी वारा होता.

म्हणून आधी चाचणीच्या पट्ट्या भाजायच्या. एका वाडग्यात जास्त चकचकीत झिलई, दुसऱ्यात जास्त कोरडी. नव्वदला दहा, ऐंशीला वीस असं मिसळत जायचं आणि प्रत्येक पट्टीच्या पाठीवर आयर्न ऑक्साइडने आकडा घालायचा. बुडवताना दोन सेकंद जास्त झाले तरी रंग बदलतो. आमच्या स्वयंपाकघराची खिडकी या पट्ट्यांनी भरली आहे. पट्टी हातात घेतली की मी आधी तिच्यावरून अंगठा फिरवतो, मग स्टीलचा चमचा. चमच्याने करडी रेघ उठली आणि पुसूनही गेली नाही, तर ती पट्टी बाद. चमचे परत जागेवर जात नाहीत, ही घरच्यांची तक्रार रास्त आहे.

काकूंनी सगळ्या पट्ट्या पाहिल्या आणि अचूक एकीवर बोट ठेवलं. तांबं आणि बेरियमची! रंग खरोखर श्रावणातल्या शेवाळाचा होता. बेरियम कार्बोनेटने मॅट झिलई देखणी होते. उंदीर मारायलाही तेच वापरलं गेलं आहे. वजनाच्या पाऊण पट स्ट्रॉन्शियम घालून त्याला पर्याय देता येतो, पण रंग थोडा फिरतो आणि काकूंची नजर फिरत नाही.

"बरणीत काय ठेवणार?" मी विचारलं.

"लिंबाचं लोणचं. दुसरं काय?"

मी त्या पट्टीवर लिंबाची फोड ठेवली आणि रात्रभर तशीच राहू दिली. सकाळी फोडीखाली फिकट चकती उमटली होती, म्हणजे तांबं लिंबात उतरलं होतं. सेलाडॉनच्या, म्हणजे लोंगछुआनच्या त्या हिरव्या झिलईच्या, ताटात विष वाढलं तर ताट तडकतं किंवा रंग बदलतं, अशी समजूत पूर्वी राजेरजवाड्यांत होती. आमच्या पट्टीनेही इमानाने रंग बदलला, फक्त विष तिचं स्वतःचं होतं.

काकूंच्या बरणीला शेवटी बाहेरून लोखंडाचा मॅट हिरवा लावला आणि आतून साधी, पारदर्शक, चकचकीत झिलई. "आतून चकचकीत का?" यावर आमचं अजून बोलणं चालू आहे.

तुम्ही हातघडणीची मॅट हिरवी बरणी विकत घेणार असाल, तर आत काय लावलंय ते कुंभाराला जरूर विचारा. घरी आणल्यावर लिंबाची फोड रात्रभर ठेवून बघा. डाग पडला नाही म्हणजे प्रयोगशाळेचा दाखला मिळाला, असं नव्हे. पण डाग पडलाच, तर लोणचं काचेच्या बरणीत घाला आणि हिरवीत पेनं ठेवा.