पायाळूची फी

कमरेत उसण भरली की गावाकडे पायाळू माणूस शोधत. जन्मताना आधी पाय बाहेर आले, एवढीच त्याची पदवी. त्याने पाठीला हलकी लाथ मारायची आणि आठ-पंधरा दिवसांत दुखणं पळायचं. पळणारच! साधी कमरदुखी बहुतेकदा काही आठवड्यांत आपली आपणच ओसरते. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण त्या कावळ्याची फी चहावर भागत होती.

आताचा कावळा रीलवर असतो. पालथा पडलेला पेशंट, पाठीजवळ माइक, एक झटका आणि कट्ट! खाली कमेंटची रांग: ‘सर, पत्ता द्या.’ हा आवाज मणका जागेवर बसल्याचा नव्हे. तो सांध्यातल्या द्रवात होणाऱ्या वायूच्या पोकळीचा. बोटं मोडताना येतो तोच, फक्त बोटं फुकटात मोडता येतात. झटका देऊन मणका ‘बसवण्याच्या’ या कायरोप्रॅक्टिकचा उगम अमेरिकेत आयोवातल्या डेव्हनपोर्टचा. १८९५ मध्ये डी. डी. पामर नावाच्या चुंबकोपचारवाल्याने एका बहिऱ्या सफाई कामगाराच्या पाठीचा मणका दाबला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असं जाहीर केलं. ऐकण्याची नस पाठीतून जातच नाही, ही किरकोळ बाब. तरी न्यायाने सांगायचं तर कमरेच्या दुखण्यात जाणत्या हाताने केलेलं मॅनिप्युलेशन, म्हणजे हाच झटका, व्यायामाइतका गुण देतं. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेची २०१६ ची मार्गदर्शिका त्याचा विचार करा म्हणते, पण व्यायामाच्या जोडीनेच. व्यायामाची रील कोण बघणार?

झटक्याने भागलं नाही की मणक्यातलं इंजेक्शन. कमरेतून पायात उतरणारी ताजी, जबर कळ असेल तर काही आठवडे आराम पडू शकतो. नुसत्या कमरदुखीला मात्र ते देऊच नका, असं तीच मार्गदर्शिका सांगते. शिवाय मणक्याच्या पोकळीत स्टेरॉइड द्यायला अमेरिकेच्या औषध प्रशासनाची मंजुरीच नाही. क्वचित पक्षाघात, अंधत्व किंवा मृत्यू ओढवू शकतो, असा इशारा त्यांनी २०१४ मध्ये दिला. आपल्याकडे संमतिपत्रावर सही घेतात तेव्हा पेशंट कण्हत असतो. वाचणार कधी?

आणि एमआरआयचा कागद तर घाबरवायलाच छापलेला. ‘गॅप आलाय, गादी झिजलीय, नस दबलीय.’ कमर अजिबात न दुखणाऱ्यांचे स्कॅन एकत्र तपासणारा आढावा २०१५ मध्ये आला. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या मणक्यांमधल्या गाद्या झिजलेल्या दिसल्या, ऐंशीतल्या ९६ टक्के. म्हणजे कागदावर एक तृतीयांशाहून जास्त कॉलेजही आजारीच निघेल. पायातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला, तर मात्र हे सदर बाजूला ठेवून तडक हॉस्पिटल गाठा.

राहिला शर्टावरून सगळ्यांना दिसेल असा बांधलेला कमरपट्टा. जुन्या कमरदुखीत तो नेहमीचा उपाय म्हणून वापरू नये, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये सांगितलं. पण म्हणून लगेच फेकू नका. निवडणुकीची ड्यूटी रद्द करायला आणि रेल्वेत खालचा बर्थ मिळवायला त्याच्याइतकं गुणकारी काही नाही.